मोरीला दिलेला राजीनामा

मी सोलापूरची, म्हणजे खालसातली, इंग्रजांच्या मुलखातली. लग्न होऊन मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, यायला निघाले तेव्हा माझ्या मावशीनं पाठवणीच्या गडबडीत कानात सांगितलं होतं, "तिथं अंधारात भिंतीला हात लावू नको, विंचू असतात. आणि कचेरीतल्या माणसाशी बोलायला जाऊ नको, ते सगळं उर्दूत असतं." विंचू पुढं मला चावला आणि उतरलाही. कचेरीनं आमच्या घराला जो डंख मारला त्याला उतारा सापडायला मात्र फार वर्षं गेली.

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं, सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून. एक पेठ, आठवड्याचा बाजार, एक लहानशी कचेरी आणि एक कमिटी. सोलापुरात माझ्या माहेरासमोरून म्युनिसिपालटीची पाण्याची गाडी रस्त्यावर पाणी मारत जायची आणि वडील ओट्यावर बसून त्याच म्युनिसिपालटीला शिव्या द्यायचे. इथं आल्यावर मला कळलं, की शिव्या द्यायच्या तरी आधी काहीतरी असावं लागतं.

कमिटीचं काम म्हणजे सफाई, दिवाबत्ती आणि रस्ते. तिच्यात निवडून कुणी येत नसे, सगळे नेमलेले. नेमणूक कशी व्हायची, तर ज्याच्या घरी खुर्च्या जास्त तो मेंबर, कारण मीटिंगला खुर्च्या लागत आणि कमिटीकडं स्वतःच्या अशा नव्हत्या. दिव्यांचे खांब होते, खांबांवर काचेच्या पेट्या होत्या, पेट्यांत चिमण्यांची घरटी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळं रॉकेल मिळत नाही म्हणून दिवे लागत नाहीत, असं कचेरीतून सांगत. लढाई सुरू व्हायच्या आधीही लागत नव्हते म्हणे, पण तेव्हा सांगायला कारण नव्हतं.

सफाई व्हायची ती तालुकदारसाहेबांचा दौरा असला की. तालुकदार म्हणजे जिल्ह्याचे मोठे साहेब, आजच्या भाषेत कलेक्टर. सडकेपासून कचेरीपर्यंत झाडलोट होई, दोन्ही बाजूंना चुन्याच्या फक्क्या ओढल्या जात, आणि वाटेतले उकिरडे गाड्यांत भरून मागच्या आळीत नेले जात. साहेब गेले की ते परत जागच्या जागी येत. आपला उकिरडा कुठला आणि शेजाऱ्याचा कुठला, हे प्रत्येकाला बरोबर ओळखू यायचं, त्यावरून कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

आमच्या घरात खुर्च्या होत्या, तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, मेंबर होते. त्यांचं कापडाचं दुकान. आमच्याकडं पेठेतल्या कुठल्याही लिंगायत दुकानदाराला सावकार म्हणतात, तसं त्यांनाही म्हणत. माणूस सरळ, मापाला सच्चा, पण अधिकारी दिसला की त्यांच्या पाठीचा कणा आपोआप वाकायचा. उर्दू त्यांना बाजारापुरती यायची. मीटिंगमध्ये मात्र ते एकच वाक्य बोलत, "बजा है." म्हणजे आपण म्हणता ते बरोबर. दिवे लावू म्हटलं, बजा है. दिवे लावणार नाही म्हटलं, बजा है. अशा मेंबरवर कुठल्याही सरकारचा जीव जडावा, तसा त्यांच्यावर होता.

माझे यजमान उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून मामंजी त्यांना मीटिंगला सोबत नेत. पण मेंबरच्या मागं मुलानं उभं राहून कानात बोलणं सफाईच्या दरोग्याला पसंत नव्हतं. त्यामुळं यजमान दाराशी, काढलेल्या चपलांजवळ उभे असत. मीटिंगमधलं जे काही मी पुढं सांगणार आहे ते सगळं त्या चपलांजवळून पाहिलेलं आहे.

आता आडाचं सांगते, कारण खरी गोष्ट आडाची आहे. गावात आड पुष्कळ होते, पण गोड्या पाण्याचा एकच, आमच्या दारासमोर. बाकीच्या आडांचं पाणी असं मचूळ, की तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवावी आणि दुपारी बघावी तर दाणा टणक तो टणकच. सगळी पेठ आमच्या आडावर पाण्याला यायची. माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, त्या आडाचं अप्रूप डाळीपुरतं नव्हतं. त्या पहाटे अंघोळ करून स्वतः पोहरा टाकत, ताजं पाणी काढत, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर ते पाणी घालत, विभूती लावत, बेल वाहत. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही, हे त्यांच्या आईनं शिकवलेलं. तापातसुद्धा त्यांनी ते मोडलं नव्हतं. हाताच्या ओंजळीत देव, त्याच्यावर घालायला समोरच्या आडाचं पाणी, बाईला आणखी काय लागतं, असं त्या म्हणायच्या. मला त्यांचा हेवा वाटे.

त्या वर्षी कचेरीच्या मागं सांडपाण्याचं डबकं झालं. कचेरी, तिच्यामागची शिपायांची घरं, बाजूचा मुसाफिरखाना, सगळ्यांचं पाणी तिथं येऊन थांबायचं. डबकं जुनंच होतं, पण या वेळी नव्या तालुकदारसाहेबांना तिथला एक डास चावला. गावात माणसं हिवतापानं फणफणत होती तोवर डास हा देवाचा कोप होता, साहेबांना चावल्यावर तो सफाईचा प्रश्न झाला. दरोग्यानं तोड काढली, की मोरी खणून पाणी ओढ्यात सोडावं. मोरी मात्र उर्दूतही मोरी आणि मराठीतही मोरीच, त्या शब्दावरून कधी कुणाचा गोंधळ झाला नाही. सरळ वाट होती ती कचेरीच्या अंगणातून, पण अंगणात साहेबांचा तंबू पडायचा. म्हणून मोरी वळवली ती आमच्या आळीतून, आमच्या दारावरून, आडाच्या कठड्याला अगदी चाटून.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. आमच्या आडावर वेशीबाहेरच्या वस्तीला पोहरा टाकायची मुभा नव्हती. ते लोक ओढ्याचं पाणी प्यायचे, आणि मोरी पडणार होती ती ओढ्यातच, वस्तीच्या वरच्या अंगाला. त्यांना विचारावं असं साहेबांना सुचलं नाही, कमिटीला सुचलं नाही आणि आपल्या गोड्या आडासाठी हळहळणाऱ्या आमच्या आळीलाही सुचलं नाही.

मोरीची आखणी झाली, चुन्याची रेघ आमच्या उंबऱ्यापाशी आली, तेव्हा आत्याबाईंनी मामंजींना वाढता वाढता विचारलं, "ही रेघ कशाची?"

"मोरीची."

"आडाजवळनं?"

"सरकारचं काम हाय. आपून काय बोलावं?"

"तुमी मेंबर हाव न्हवं? मंग मेंबर कशाला म्हंत्यात?" आत्याबाई शांतपणानं म्हणाल्या. "शिपायांच्या मोरीचं पाणी आडात झिरपलं तर त्ये म्या लिंगाला घालनार न्हाय. आन् लिंगाला पाणी न्हाय तर मला अन्न न्हाय. येवढं ध्यानात ठेवून काय बोलायचं त्ये बोला."

 बायको बोलली की करते, हे मामंजींना माहीत होतं. त्या दिवसापासून ते घरात येरझारा घालायला लागले आणि तिथंच वर्तमानपत्रानं घात केला.

आमच्या दुकानात कापडाच्या गाठी सोलापूरहून यायच्या आणि त्या जुन्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या असत. मोगलाईत तशी वर्तमानपत्रं उघड वाचायची चोरी होती, पण रद्दीला कोण विचारतो! मामंजी एकेक कागद सपाट करून वाचत. त्यामुळं त्यांना जगाच्या बातम्या कळत त्या बऱ्याच शिळ्या, आणि तेलाच्या डागाखाली गेलेला मजकूर तर कायमचाच राहून जाई. पण प्रत्येक गाठीत एक गोष्ट हमखास निघे. खालसात कुणी ना कुणी राजीनामा दिलेला असायचा. मंत्री, म्युनिसिपालटीचे अध्यक्ष, शाळेचे चिटणीस. राजीनामा दिला की सभा होई, हार पडत, सरकारची त्रेधा उडे. मामंजींना ते फार आवडलं. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, नुसता एक शब्द उच्चारायचा आणि खाली बसायचं. ते मोठ्या साहेबाला 'नाही' म्हणू शकत नव्हते, पण राजीनामा त्यांना पेलण्यासारखा वाटला.

मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी आरशासमोर वाक्य घोकलं. ते मला माजघरात ऐकू येत होतं. "हुजूर, इस मोरी के वास्ते मैं राजीनामा देता हूं." कधी 'हुजूर' आधी, कधी शेवटी. यजमान नेमके त्या दिवशी वसुलीला बेंबळीकडं गेलेले, ते परतले ते थेट मीटिंगच्या वेळेलाच. नाहीतर ती घोकंपट्टी त्यांच्या कानावर पडली असती आणि ही गोष्ट झालीच नसती.

तालुकदारसाहेब आमच्या खुर्चीवर बसले. दरोग्यानं मोरीची योजना वाचली. कुणाला काही म्हणायचं आहे का, असं साहेबांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, आणि रिवाजाप्रमाणं उत्तराची वाट न बघता पुढचा कागद उचलला. तेवढ्यात मामंजी उठून उभे राहिले. मेंबर उभा राहतो हे दृश्य कचेरीनं पूर्वी पाहिलेलं नव्हतं. दरोगा पांढरा पडला. मामंजींनी उपरण्यानं घाम पुसला आणि घोकलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं.

साहेबांनी उचललेला कागद खाली ठेवला. मग त्यांचा चेहरा उजळला. "माशाल्ला! बहुत खूब, सेठजी, बहुत खूब!"

चपलांजवळ उभ्या असलेल्या यजमानांना घोळ तिथंच कळला, कारण त्यांना उर्दू येत होती. उर्दू कचेरीत राजीनामा म्हणजे कबुली. दोन भाऊबंद बांधावरून भांडत कोर्टात जातात आणि शेवटी 'आमचं मिटलं, आम्ही राजी आहोत' असं लिहून देतात, तो राजीनामा. खुर्ची सोडायची तर त्याला इस्तिफा म्हणतात. मामंजींना हे ठाऊक नव्हतं असंही नाही, त्यांच्या स्वतःच्या भाऊबंदकीत असा एक राजीनामा होऊन गेला होता. पण रद्दीतले राजीनामे वाचता वाचता घरातला विसरले. शब्द फोडून बघितला तर साहेबांचंच बरोबर, 'राजी' तर त्यात उघड बसलेला आहे. आपण मराठी माणसांनी त्याचा नाराजीनामा कधी केला, देव जाणे.

साहेब म्हणाले, की मोरीला सगळ्यात आधी विरोध करायचा तो ज्याच्या दारावरून ती जाते त्यानं, आणि इथं तोच गृहस्थ उठून राजीनामा देतो, याला म्हणतात रयत! मामंजी अजून उभेच. राजीनामा दिलेल्या माणसानं खुर्चीवर बसू नये, अशी त्यांची समजूत. साहेबांना ती अदब वाटली. त्यांनी दोनदा बसायला सांगितल्यावर मामंजी बसले. राजीनामा देऊन परत त्याच खुर्चीवर बसणारे ते पहिले नव्हते आणि शेवटचेही नव्हते, पण त्यांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल, की खुर्ची आमच्या घरची होती.

मग साहेबांनी जरीकाठाचा एक रुमाल मागवला आणि स्वतःच्या हातानं मामंजींच्या डोक्याला बांधला. तेव्हा कुठं मामंजींना शंका आली. त्यांनी दाराकडं बघितलं. यजमानांनी नकारार्थी मान हलवली. मामंजींनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि जन्मभराची सवय बाहेर पडली.

"बजा है."

संध्याकाळी दवंडी पिटली. गावाला कमिटीच्या बातम्या कळायच्या त्या दवंडीनंच. दवंडीवाल्याला कचेरीतून उर्दूत जे सांगितलं जाई ते तो आपल्या बोलीत ओरडे. "ऐका हो ऐका! पेठंतल्या कापडवाल्या सावकारांनी मोरीला राजीनामा दिल्याला हाय हो!"

आडावर आम्ही सगळ्या बायका पाणी भरत होतो. मी सोलापूरची, मला राजीनाम्याचा अर्थ पक्का माहीत. मीच सगळ्यांना समजावून सांगितलं, की मामंजींनी साहेबाच्या तोंडावर मेंबरकी फेकली. बायकांनी कळश्या खाली ठेवल्या. आत्याबाई लगबगीनं घरात गेल्या आणि मला शेंगांचं कूट करायला सांगितलं. शेंगांच्या पोळ्या सणावाराला व्हायच्या. त्या दिवशी मोरीच्या नावानं झाल्या.

मामंजी जरीचा रुमाल बांधलेले दारात आले. आत्याबाईंनी त्यांना उंबऱ्यातच थांबवून ओवाळलं. लग्नानंतर असं ओवाळणं झालं नसेल. "येवढा मोठा साहेब," त्या म्हणाल्या, "न्हाय म्हटलं तरीबी मान देऊन धाडतो. भला मानूस दिसतो." मामंजी आरतीकडं बघत उभे. मागून आलेल्या यजमानांचा चेहरा बघून मला काहीतरी चुकलंय हे समजलं, पण काय ते नाही. मामंजी मुकाट्यानं पाटावर बसले. आत्याबाई आग्रहानं वाढत होत्या आणि ते खात होते. तूप वाढताना त्या हसल्या. त्यांना तशा हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि आजही ते आठवलं की मला मामंजींचा राग येतो आणि कीवही येते.

सकाळी कुदळी घेऊन माणसं आली आणि आडाच्या कठड्यापाशी खणायला लागली. आत्याबाई हातात पोहरा घेऊन उभ्या. त्यांनी खणणाऱ्याला विचारलं, "काल न्हाय म्हनून सांगितलं न्हवं?"

"न्हाय कुठं?" तो म्हणाला. "सावकारच तर राजी झाल्यात. साहेब लई खूश!"

आत्याबाई घरात आल्या. मामंजींनी खाली बघून सगळं सांगितलं. आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं, आणि आत्याबाई मनापासून चिडल्या की कानडीत जायच्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "ब्याड अन्नाक बरंगिल्लेनु?" नको म्हणता येत नाही होय? 

मामंजी मुलाला घेऊन कचेरीत गेले, नाही असं नाही. पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, सगळं ऐकून घेतलं, पान लावलं आणि कायदा सांगितला. एकदा राजीनामा दिला की फिर्याद उरत नाही. आता हवं तर इस्तिफा द्या. पण साहेबांनी कालच रुमाल बांधला, आज इस्तिफा दिला तर तो साहेबांचा अपमान होईल, ते तुमचं तुम्ही बघा. आणि इस्तिफा दिलात तरी खुर्च्या इथंच राहू द्या. मामंजी परत आले. मेंबरकी राहिली, खुर्च्याही राहिल्या, फक्त आड गेला.

मोरी कशी झाली ते सांगण्यासारखं आहे. उतार ओढ्याकडं हवा होता, तो आडाकडं आला. पाणी कचेरीतून उत्साहानं निघे आणि आमच्या दाराशी येऊन मुक्काम करी. दरोग्यानं वर कळवलं, की मोरी तयार आहे, आता फक्त पाणी वाहायचं बाकी आहे. पाऊस झाला तसा आडाच्या पाण्याला वास यायला लागला. मामंजी तेच पाणी फडक्यातून गाळून घ्यायचे. मेंबर असल्यामुळं त्यांना वास येत नव्हता.

आत्याबाईंनी आडाकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. गावाच्या दुसऱ्या टोकाला महादेवाच्या देवळामागं एक बारव होती, पायऱ्या उतरून पाणी घ्यायची. पहाटे उठून त्या कळशी घेऊन तिकडं जायला लागल्या. गुडघे धरलेले, पायऱ्या शेवाळलेल्या. परत येऊन पूजा होईपर्यंत दुपार कलायची, तोवर पोटात काही नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, मी आणते पाणी." तर म्हणाल्या, "आड तू घालवलास का? मंग तू का आनतीस?" हे त्या मामंजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. मामंजी रुमाल बांधून दुकानाला निघून गेले. एका पावसाळ्यात त्या बारवेत घसरल्या आणि तेव्हापासून एक पाय ओढत चालू लागल्या. तरी गेल्याच.

त्यानंतरची दोनेक वर्षं भीतीची होती. त्यांच्याबद्दल मी इथं लिहीत नाही, त्या दिवसांत माणसं दारं लावून बसत आणि मोरीची आठवण कुणालाच नव्हती. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, कचेरीवरचा झेंडा बदलला. दिवे लागत नव्हते ते नव्हतेच, आता नवीन राज्याची घडी बसायची आहे असं कारण होतं.

नवे साहेब पुण्याकडचे. पांढरी टोपी, स्वच्छ मराठी. जुन्या कमिटीतले लोक कसे होते, याची त्यांनी पेठेत चौकशी केली. आमच्या आळीतल्या माणसांनी सरळ मनानं जे दवंडीत ऐकलं होतं तेच सांगितलं, की सावकारांनी भर कचेरीत, तालुकदारासमोर, राजीनामा दिला होता. साहेबांचे डोळे भरून आले. निजामाच्या अधिकाऱ्याच्या तोंडावर राजीनामा! असं धैर्य या गावात होतं! शाळेत सभा झाली, मामंजींच्या गळ्यात सुताचा हार पडला. एकाच शब्दाबद्दल दोन सरकारांनी सत्कार केलेला दुसरा माणूस जिल्ह्यात नसेल. आणि समोरून चाललेली भाषणं ऐकून मामंजींना काय वाटलं असेल ते वाटो, तोंडातून कौतुकाला उत्तर म्हणून निघालं ते "बजा है," आणि सगळे हसले. साहेबांना तो निजामाच्या कचेरीला मारलेला टोमणा वाटला.

साहेबांनी सभेतच जाहीर केलं, की अशा पुरुषाला नव्या कमिटीत मानाची जागा आहे. आणि त्याच्या दारासमोरची मोरी अशी फुटकी राहणं शोभत नाही, तेव्हा स्वराज्याचं पहिलं काम म्हणून ती दगडचुन्यात पक्की बांधू.

मामंजी हार घेऊन घरी आले. आत्याबाईंनी या वेळी ओवाळलं नाही. त्या भिंतीला टेकून पाय चोळत बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "कच्ची मोरी आज ना उद्या बुजवता तरी आली असती. पक्की झाली म्हंजी म्या मरंपातुर तशीच ऱ्हानार. आता ह्या टायमाला न्हाय कुठल्या भाषेत म्हनायचं त्ये घरातनंच ठरवून जावा."

आणि मामंजींनी खरोखर ठरवलं. पुढच्या मीटिंगला ते उभे राहिले. आता साहेबांची भाषा मराठी, मामंजींची मराठी, मध्ये शब्दाचा घोळ होण्याचं कारण नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, मला मागंच न्हाय म्हनायचं हुतं, त्ये जमलं न्हाय. आता म्हनतो. मोरी आमच्या आडाजवळनं न्हाय पायजे. दुसरीकडनं न्या." वाक्य त्यांनी पुरं केलं. यजमान सांगत होते, की जन्मात पहिल्यांदा त्यांना आपल्या वडलांचा अभिमान वाटला.

साहेब हसले, हात जोडले आणि म्हणाले, "आपली सूचना स्वागतार्ह आहे. ती विचाराधीन ठेवू."

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हनले?"

"विचाराधीन म्हनले."

"म्हंजी?"

मामंजींनी मुलाकडं बघितलं. त्याची उर्दू पक्की, पण हा शब्द त्याच्या शाळेत नव्हता. मग मला माजघरातून हाक मारली. "सूनबाई, तू सोलापूरची. विचाराधीन म्हंजी काय?"

मी म्हटलं, "विचार करू, असं म्हणतात."

"पर म्हंजी व्हय का न्हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"व्हय पण नाही आणि न्हाय पण नाही," मी म्हटलं.

काही दिवसांतच त्याचा अर्थ बैलगाड्यांतून आला. पहाटे आमच्या दारासमोर दगड उतरवले, चुन्याची घाणी मांडली गेली. मामंजी अंगणात अंघोळ करून ओल्या पंच्यानं उभे होते, त्यांनी ते बघितलं. आत्याबाईंनीही बघितलं. त्यांनी कोपऱ्यातली कळशी उचलली आणि पाय ओढत दाराकडं निघाल्या.

मामंजी पुढं झाले आणि त्यांनी आत्याबाईंच्या हातातली कळशी धरली. आत्याबाईंनी सोडली नाही, क्षणभर दोघंही धरून उभे होते. मग सोडली. मामंजींनी खुंटीवरचा जरीचा रुमाल काढला, त्याची घडी करून खांद्यावर ठेवली आणि उघड्या डोक्यानं, ओल्या पंच्यानं बाहेर पडले. पेठेत कुणा सावकारानं स्वतःच्या घरचं पाणी भरलेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. दुकानं उघडायची वेळ. परत येताना कळशी खांद्यावर त्या रुमालाच्या घडीवर ठेवलेली, पाणी हिंदकळून जरीकाठ भिजलेला. माणसं फळ्या काढता काढता थांबली. यजमान दुकानाच्या पायरीवर उभे होते, त्यांनी ऐकलं ते असं. समोरच्या किराणावाल्यानं न राहवून विचारलं, "सावकार, ह्ये काय?"

मामंजी न थांबता म्हणाले, "राजीनामा."

घरी येऊन त्यांनी कळशी पूजेच्या पाटाजवळ ठेवली आणि बाजूला भिंतीशी उभे राहिले, दम लागलेला. आत्याबाईंनी तांब्या भरून घेतला. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, त्यावर पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला. ऊन अजून अंगणातही उतरलं नव्हतं. आमच्या घरात बायका पुरुषांच्या मागून जेवत, आत्याबाई तर सगळ्यात शेवटी. पूजा उरकून त्या उठल्या, मामंजींच्या खांद्यावरचा ओला रुमाल काढून दोरीवर वाळत घातला आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, दोन ताटं घे. आज आमी संगंच बसतो."